लाल निशाणापलीकडचा रस्ता

"पोपट्या, ब्रेक! ब्रेक दाब!"

"असला तर दाबू ना!" पोपट ओरडला आणि सायकलीसकट घाणेरीच्या झुडपात दिसेनासा झाला.

उत्तरा पोट धरून हसली. तिचा धाकटा भाऊ हरिहर तर सायकल टाकून खडीतच लोळला. पोपटच्या वडिलांचं नौपाड्यात सायकलचं दुकान. भाड्याने कुणी नेत नाही अशा खिळखिळ्या सायकली मे महिन्याच्या सुट्टीत या तिघांच्या वाट्याला यायच्या. आणि त्या दामटायच्या कुठे? तर येऊरच्या डोंगरातल्या खडीच्या रस्त्यावर! वरची जुनी खाण दोन वर्षांपूर्वी संपली, लॉऱ्या खालच्या नव्या खाणीकडे वळल्या आणि हा वळणावळणांचा चढ या तिघांना आंदण मिळाला. ना मोटार, ना टांगा, ना "ए कार्ट्या, बाजूला हो!" म्हणून खेकसणारं कुणी!

पण परवापासून तिसऱ्या वळणावर दगडांची आडवी रांग लागली होती आणि बांबूला लाल निशाण. खाणीत सुरुंगाचा बार उडवायचा असला की असं निशाण लावतात, "बार आहे रेऽऽ" अशी आरोळी देतात, आणि निशाणवाला "मोकळंऽऽ" म्हणेपर्यंत कुणी डोकं वर काढत नाही. हे त्या डोंगराखालच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आज तिसरा दिवस," उत्तरा म्हणाली. "निशाण आहे. मग बार कुठाय?"

"दारू भिजली असेल," झुडपातून बाहेर येत पोपट म्हणाला.

"मे महिन्यात? तुझ्या घामाने का?" हरिहरने विचारलं.

तेवढ्यात वरून बारीक आवाज आला. टिण्... टिण् टिण्...

"आली रे आली, आपली शेळी आली! ब्याऽऽ!" पोपट ओरडला.

"ब्याऽऽ!" हरिहरनेही साथ दिली. दोन दिवस हाच खेळ चालला होता. वर कुठे तरी शेळीची घंटा वाजायची आणि हे तिघं खालून ब्याऽऽ करायचे. काल तर उत्तराच सगळ्यांत मोठ्याने ओरडली होती.

आज मात्र तिने हात वर केला. "गप्प!"

उत्तराचे काका त्र्यंबकबुवा कीर्तनकार. सध्या देवळात नृसिंहाचं नवरात्र चालू होतं आणि काकांच्या मागे उभी राहून धृपद उचलायला रोज उत्तरा असायची. तिचा उजवा पाय आपोआप ताल धरू लागला.

"ही कीर्तनातली धुमाळी आहे," ती हळूच म्हणाली. "शेळी धुमाळी धरते का रे?"

पोपटने कान टवकारले.

"दौलत!" उत्तरा म्हणाली.

दौलत हा खाणीतला कामगार. काम सुटलं की कमरेला टाळ बांधून तो सरळ देवळात यायचा आणि काकांच्या मागे टाळ धरायचा. तीन रात्री तो आला नव्हता. "कल्याणच्या खाणीवर धाडलाय," असं मुकादम काळुरामने काकांना सांगितलं होतं. दौलतच्या बायकोला, रखमाबाईलाही तेच. ती बिचारी खालच्या वळणावर इतर बायकांबरोबर हातोडीने खडी फोडत बसलेली यांनी आत्ताच पाहिली होती.

तिघं निशाण ओलांडून वर गेले. जुन्या खाणीच्या तोंडाशी अवजारांची पत्र्याची खोली होती. कडी बाहेरून लावलेली! हरिहरने ती काढली आणि तसाच मागे सरला. आतून इतकी घाण येत होती.

बाजेवर दौलत पडला होता. गुडघ्याखाली पाय असा दिसतच नव्हता. पोत्यात गुंडाळलेलं काही तरी होतं, आणि त्यावर माश्या. हातात टाळ.

"आलात?" तो म्हणाला. "पानी हाय का?"

हरिहरने बाटली त्याच्या तोंडाला लावली. घोटाघोटाने दौलतने सांगितलं. मुकादमाला घाई होती. खालच्या खाणीत निशाण न लावताच त्याने बार उडवला आणि दगड दौलतच्या पायावर आला. उद्या साहेबांची पाहणी होती. ती उरकेपर्यंत इथे पडून राहायचं, आणि कुणी वर येऊ नये म्हणून रस्त्यावर खोटं निशाण. तोवर जगला तर दवाखाना, नाही तर खड्डा!

"मग ओरडलास का नाहीस?" पोपटला रडू येत होतं.

"वरडलास तर रखमाला कामावरनं हाकलीन म्हनला. टाळ वाजवू नको असं न्हाई म्हनला."

"लॉरी आणू या?" हरिहरने विचारलं.

"लॉऱ्या काळुरामच्याच हाताखाली," उत्तरा म्हणाली. "आपल्याच सायकली! चल, बांबू शोध!"

दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या केल्या. आडवे बांबू टाकून त्यावर दौलतसकट बाज चढवली आणि त्याचा फेटा, पोपटचा पट्टा, उत्तराच्या रिबिनी, जे मिळेल त्याने करकचून बांधली. बाज उचलताना दौलतने एकदाच किंकाळी फोडली. मग फेट्याचं टोक दातांत धरलं.

चाकांखालून खडी निसटत होती. पोपट एका बाजूला, हरिहर दुसऱ्या बाजूला, दोघं टाचा रोवून सायकली मागे खेचत होते. उत्तरा तिसरी सायकल घेऊन पुढे गेली आणि वळणावर थबकली. खालून काळुराम येत होता! हातात काठी, मागे दोन माणसं.

"वर कोन हाय रं? तंगडी मोडून हातात देईन!"

पळायला जागा नव्हती. उत्तराने निशाणाचा बांबू उपसला आणि ती खडकावर चढली. 'आवाज गळ्यातून नाही, बेंबीच्या देठापासून!' काका रोज सांगायचे.

"बाऽऽर आहे रेऽऽ!"

डोंगराने ती आरोळी तीन वेळा परत दिली. दोघं कामगार जागच्या जागी पालथे पडले. काळुराम एक क्षण उभा राहिला. वर सुरुंग ठासलेला नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बारापुढे सापडलेल्या माणसाचं काय होतं, तेही त्यानेच पाहिलं होतं! त्याने काठी फेकली आणि काटेरी चरात अंग टाकून दोन्ही कानांत बोटं घातली.

त्याच्यापासून दोन हातांवरून बाज खडखडत गेली. उत्तरा मात्र निशाण धरून उभीच राहिली. हात भरून आले.

"मुकादम, बार?" एकाने मान न उचलता विचारलं.

"गप पड! मरायचंय का?"

अखेर खालून बायकांचा कल्लोळ ऐकू आला. पोरं पोचली! उत्तराने निशाण टाकलं. "मोकळंऽऽ!" आणि सायकलवर उडी मारून ती सुसाट सुटली.

खाली रखमाबाई रडत नव्हती. नवऱ्याला पाहताच तिने बाज लॉरीत चढवायला लावली, लॉरीवाल्याला हात धरून पुढे बसवलं आणि त्यानेही कुणाला न विचारता लॉरी ठाण्याच्या दवाखान्याकडे पिटाळली. काळुराम खाली उतरला तेव्हा रस्त्यावर आठ बायका आडव्या उभ्या होत्या. आठ हातोड्या! एकीनेही हात उगारला नाही. त्याला तापलेल्या खडीच्या ढिगावर बसवून ठेवलं. पोलीस येईपर्यंत तो पाणी मागत होता. घागर समोरच होती. ती कुणी उचलली नाही.

"शाब्बास रे पोरांनो!" संध्याकाळी डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "पाय कापावा लागला, पण माणूस वाचला. उद्या आणला असता तर तोही गेला असता."

"आणि दोन दिवस आधी आणला असता तर?" हरिहरने विचारलं.

"तर पाय राहिला असता," डॉक्टर सहज बोलून गेले.

त्या रात्री त्र्यंबकबुवांनी प्रल्हादाचं आख्यान लावलं. देव खांबातून प्रकटला तिथे ते थांबले. "मंडळी, आज देव खडीच्या रस्त्याने आला. सायकलवर बसून!" त्यांनी गळ्यातला हार काढून उत्तराच्या गळ्यात घातला, पोपट आणि हरिहरच्या कपाळी बुक्का लावला. देऊळ टाळ्यांनी दणाणलं. फौजदारसाहेबांनी उठून तिघांची पाठ थोपटली. उत्तराने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तो हार दौलतच्या खाटेवर नेऊन ठेवला.

"दौलतदादा, दोन दिवस आम्ही तुला शेळी समजलो. ब्याऽऽ केलं. सगळ्यांत मोठ्याने मीच."

दौलतने जिथे पाय नव्हता तिथली चादर सारखी केली.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "मनात म्हनलं, चला, कुनाला तरी ऐकू जातंय. म्हनून तर वाजवत ऱ्हायलो."

त्याने उशाखालून टाळ काढले आणि तिच्या हातात दिले. "आज काल्याचं कीर्तन ना? मागं उभं ऱ्हायला कुनी तरी पायजे."

त्या दिवशी काकांच्या मागे उत्तराने टाळ धरला. शेवटच्या आरतीपर्यंत तिने धुमाळी एका मात्रेनेही ढळू दिली नाही.