हेल्मेटमधला ताशा

धोक्याचा इशारा वाजत होता, आणि फळ्यावरचे पाचही ठिपके खुशाल पुढे चालले होते.

शाल्मली नियंत्रण कक्षाच्या दारातच थबकली. तालमीहून ती थेट इकडे आली होती, ताशाच्या काड्या अजून हातातच होत्या. फळ्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे बाहेर कामावर गेलेला एक माणूस. त्यातला पिवळा ठिपका तिच्या बाबाचा.

सोमवाडी ही चंद्रावरची वस्ती. वस्ती कसली, जमिनीखालचं एक लांबलचक भुयार. फार पूर्वी तिथून लाव्हारस वाहून गेला आणि मागे पोकळी उरली, तिच्यात आता माणसं राहत होती. बाबा आणि त्याचे चार सोबती डोंगरापलीकडच्या खड्ड्यात गोठलेल्या पाण्यासाठी जमीन पोखरत होते. आई कामासाठी पृथ्वीवर गेली होती, त्यामुळे सध्या घरात बाबा, शाल्मली आणि हेमांगी आत्या अशी तिघंच.

“बागवानकाका, ते परत का येत नाहीत?” तिने विचारलं.

नियंत्रण कक्ष सांभाळणाऱ्या बागवानकाकांनी मान वळवली नाही. एरवी शाल्मली दिसली की ते तिची फिरकी घेतल्याशिवाय राहत नसत.

“सौरवादळ (सूर्यावरून सुटलेल्या अतिवेगवान कणांचा मारा) येतंय, बाळ. उघड्यावर सापडलेल्या माणसाचं काही खरं नाही. खड्ड्याच्या काठाशी मातीखाली आसरा बांधलाय, तिथे त्यांनी आत्ता निघायला हवं. इशारा केव्हाच गेलाय. पोचल्याची खूणही आलीय. पण कुणी वळतच नाही.”

“म्हणजे त्यांना काही...” शाल्मली फळ्याजवळ आली.

“नाही गं. नाडीचे ठोके दिसतायत बघ. सगळे ठणठणीत आहेत.”

हे ऐकून तिला धीर यायला हवा होता, पण आला नाही. धडधाकट माणसं, कानाशी इशारा वाजतोय, आणि तरी ती जमीन पोखरत बसली आहेत, हे काही केल्या तिला उमजेना.

तेवढ्यात हेमांगी आत्या धावत आली. चंद्रावर धावणं म्हणजे टुणटुण उड्याच असतात, आणि आत्याला तशी येताना पाहून शाल्मलीला नेहमी हसू फुटायचं. आज फुटलं नाही. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, कारण तो इशारा तिनेच बनवला होता.

आत्याचं काम मिक्सिंगचं (वेगवेगळे वाजवून घेतलेले आवाज एकमेकांत नीट बसवणं) आणि मास्टरिंगचं (बसवलेलं मिश्रण जिथे वाजणार आहे तिथे चांगलं वाजावं म्हणून त्याला शेवटचा हात देणं). सोमवाडीचा जुना इशारा नुसता टूंटूं करायचा. लोक त्याला इतके सरावले होते की पोरं खेळताना त्याची नक्कल करत. म्हणून सगळ्यांनी आत्याला गळ घातली, की असा इशारा कर, ऐकल्यावर माणूस ताडकन उठला पाहिजे.

आत्याने ढोल वाजवून घेतले. शाल्मलीकडून ताशा वाजवून घेतला. जाड गाद्या लावलेल्या तिच्या खोलीत, कपाटाएवढ्या स्पीकरांवर तिने ते सगळं मनापासून बसवलं. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या छातीत धडधडलं. शाल्मली मात्र दोन दिवस फुरंगटून बसली होती. तिचा ताशा त्यात जेमतेम ऐकू येत होता.

“ताशा कानाला टोचतो गं,” आत्या म्हणाली होती. “ढोल बघ कसा छातीत भरतो. आणि शेवटच्या टोल्याला तू नेहमी घाई करतेस, ते वेगळंच.”

“हेमांगीताई, आवाज वाढवा,” बागवानकाका आता म्हणाले. “जेवढा वाढेल तेवढा वाढवा.”

आत्याने वाढवला आणि पुन्हा पाठवला. पोचल्याची खूण आली. ठिपके वळले नाहीत. पिवळा तर आणखी थोडा लांब सरकला.

“तुम्ही त्यांच्याशी बोला ना,” शाल्मली रडकुंडीला आली.

“डोंगर आडवा आहे, बाळ. बोलणं पलीकडे जात नाही. उपग्रहावरून फक्त छोटा, तयार आवाज तुकड्यातुकड्यांनी जातो, हेल्मेटमध्ये जुळतो आणि वाजायला लागतो. मनगटावर लाल दिवाही लागतो, पण त्या मेल्या धुळीत तो कुणाला दिसणार?”

शाल्मली फळ्याकडे बघत राहिली. बाबाला काय ऐकू येत असेल? मोठ्या स्पीकरवर तिने इशारा ऐकला होता. बाबाकडे मोठा स्पीकर कुठे होता?

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “तू हा डबड्यावर ऐकला होतास?”

डबडं म्हणजे आत्याचा जुना, पोचे पडलेला, मुठीएवढा स्पीकर. पृथ्वीवरून येताना तिने चार कपडे कमी घेतले होते, पण डबडं आणलं होतं. तिच्या धंद्यातला हा रिवाजच होता. मोठ्या स्पीकरवर कितीही छान वाजो, काम हातावेगळं करण्याआधी ते सगळ्यांत भिकार स्पीकरवर ऐकायचं. ऐकणारे सगळे काही गाद्यांच्या खोलीत बसलेले नसतात.

आत्या खुर्चीत बसली. 

“नाही ऐकला,” ती म्हणाली. “मोठ्या स्पीकरवर तो इतका सुरेख वाजत होता की मी त्याच्या प्रेमातच पडले. म्हटलं, याला कशाला लागतंय डबडं.”

मग ती झटक्यात उठली. भिंतीवरचं जादा हेल्मेट काढून तिने शाल्मलीच्या डोक्यावर चढवलं आणि आतला पंखा सुरू केला. तिला कोपऱ्यातल्या हवेच्या पंपाशी नेऊन तिचे दोन्ही हात पंपावर घट्ट ठेवले. पंप थरथरत होता, आणि ती थरथर शाल्मलीच्या कोपरांतून, खांद्यांतून थेट कवटीपर्यंत चढली.

काचेपलीकडे आत्याने बोट वर केलं. म्हणजे इशारा सुरू झाला होता. यंत्रावरचा काटा जोरजोरात उड्या मारत होता.

शाल्मलीने कान टवकारले. घूंऽऽऽ. पंखा आणि पंप. बाकी काहीच नाही. काटा नाचतोय, आत्या बोट नाचवतेय, आणि कानात नुसतं घूं. बाबाला आत्ता हेच ऐकू येतंय, हे तिच्या लक्षात आलं. तिने हेल्मेट अक्षरशः ओरबाडून काढलं.

“आत्या, काहीच नाही गं. काहीच वाजत नाही.”

आत्या यंत्रासमोर बसून कामाला लागली होती.  घाबरली की ती बोलत राहायची. बोललं की हात नीट चालतात, असं तिचं म्हणणं.

“आवाज म्हणजे थरथर. सेकंदाला ती जितक्या वेळा होते ती त्याची वारंवारता. ढोलाची कमी, म्हणून तो घुमतो. ताशाची जास्त, म्हणून तो तडतडतो. इथवर कळलं?”

“हो.”

“आता हेल्मेटमधला स्पीकर आहे बटणाएवढा. ढोलाची खोल घूम काढायला मोठा पडदा हलावा लागतो. बटणाला ते झेपतच नाही. म्हणजे अर्धा ढोल तिथेच मेला.”

“आणि उरलेला?”

“पंखाही घुमतो, जमीन पोखरणारं ड्रिलही घुमतं. बाहेर हवा नाही, म्हणून ड्रिलचा आवाज हवेतून येत नाही, पण हातांच्या हाडांतून थेट कानात शिरतो. तुझ्या पंपासारखा. एका जातीचे दोन आवाज एकत्र आले की मोठा लहानाला झाकून टाकतो. त्याला आच्छादन म्हणतात (एका आवाजाने दुसरा झाकला जाणं). उरलेला ढोल त्या घुमण्याखाली गाडला गेला.”

“पण माझा ताशा तर घुमत नाही. तो का नाही आला?”

आत्याचे हात क्षणभर थांबलेच.

“तो मी मारला,” ती म्हणाली. “आधी तुझा ताशा बारीक केला, आणि मग आवाज वाढवून उरलासुरला घालवला. हेल्मेटमध्ये एक रखवालदार असतो. कान फुटू नयेत म्हणून आवाज फार मोठा झाला की तो सगळाच आवाज खाली दाबतो. त्याला काय मोठं झालंय याच्याशी देणंघेणं नाही. डब्यात फणस कोंबला तर लिंबाला जागा उरते का? ढोल म्हणजे तो फणस. स्वतः ऐकू येत नव्हता, पण जागा सगळी अडवून बसला होता. मी वाढवत गेले, तसा रखवालदार आणखी दाबत गेला.”

“मग फणस काढ ना.”

“तेच करतेय.”

ढोल आणि ताशा वेगवेगळे वाजवून ठेवलेले होते, हे नशीबच. आत्याने ढोलाची पट्टी, म्हणजे त्याचा आवाज कमीजास्त करणारी यंत्रावरची सरकती कळ, शून्यावर आणली. ज्या ढोलाच्या घुमाऱ्यासाठी ती दिवसदिवस बसली होती, तो एका बोटात गेला. मग तिने ताशा उचलला, त्याचा जो भाग कानाला टोचतो नेमका तोच आणखी टोकदार केला, आणि मधे मधे शांत जागा सोडल्या. “सतत वाजणाऱ्या आवाजाला कान सरावतो,” ती पुटपुटली. “थांबून पुन्हा वाजला की माणूस दचकतो.”

“शेवटचा टोला घाईत पडलाय माझा,” शाल्मली ओशाळून म्हणाली.

“पडू दे. आता तेवढा वेळ नाही.”

“झालं ना? पाठवा मग,” बागवानकाकांचा आवाज चिरकला. “वादळ पोचतच आलंय.”

“आधी ऐकायचं,” आत्या म्हणाली.

“ताई, पाच माणसं आहेत तिकडे.”

“त्यातला एक माझा सख्खा भाऊ आहे, बागवानभाऊ. म्हणूनच म्हणते, आधी ऐकायचं. मघाशी ऐकलं नाही म्हणून ही वेळ आली.”

शाल्मलीने पुन्हा हेल्मेट चढवलं आणि पंपाला घट्ट धरलं. घूंऽऽऽ. आणि मग त्या घुमण्याच्या पार वरून, तड तड तडाड तड. थोडी शांतता. पुन्हा तड तड तडाड तड. कानशिलावर कुणी काडी मारावी तसा तो ताशा तिला लागला. तिने दोन्ही हात उंचावले.

बागवानकाकांनी कळ दाबली.

तुकडे जाऊ लागले. मग पोचल्याची खूण आली. तिघंही फळ्याकडे बघत उभी राहिली.

एक ठिपका थांबला. पाठोपाठ दुसरा. मग तीन ठिपके वळले आणि आसऱ्याच्या दिशेने भराभर निघाले. बागवानकाकांनी टेबलावर थाप मारली. पण शाल्मलीचं लक्ष पिवळ्या ठिपक्यावर होतं. तो वळला खरा, पण उलटीकडे. खड्ड्याच्या आत, आणखी लांब.

“बाबाला ऐकू आलं नाही,” ती कुजबुजली. तिला आत्याचा हात सापडेना, म्हणून तिने तिच्या बाहीलाच धरलं.

“थांब,” आत्या म्हणाली. “तो पाचवा बघ.”

पाचवा ठिपका जागचा हलला नव्हता. मोठं ड्रिल त्याच्याच हातात असणार, आणि ते धरलेल्याच्या कवटीत काय धुमाळी चालली असेल ती असेल. पिवळा ठिपका त्याला जाऊन भिडला. मग दोन्ही ठिपके जोडीने आसऱ्याकडे निघाले. पहिले तिघे पोचले. हे दोघे अजून वाटेतच होते.

तेवढ्यात फळा काळा झाला.

“वादळ,” बागवानकाका म्हणाले. “उपग्रह बंद पडला. आता ते ओसरेपर्यंत काही कळायचं नाही.”

ती वाट पाहणं शाल्मली कधी विसरणार नव्हती. पंप घुमत राहिला. आत्या काळ्या फळ्यासमोर बसून होती आणि शाल्मली तिच्या पायाशी, काड्या घट्ट धरून. तिला सारखं वाटत होतं, आपण ते हेल्मेट आधीच का घातलं नाही, डबड्याचं आधीच का सुचलं नाही. मधेच कधीतरी बागवानकाकांनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

कितीतरी वेळाने फळ्यावर एक खरखर आली. मग आसऱ्याच्या जागी एक ठिपका उगवला. दुसरा, तिसरा, चौथा. शाल्मलीने डोळे मिटून घेतले.

“उघड,” आत्या म्हणाली.

पाचवा पिवळा होता.

बाबा वस्तीत परतला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत सगळीकडे चंद्राची धूळ होती. शाल्मली त्याला बिलगली आणि धुळीने शिंकत सुटली.

“तू मागे का गेलास?” ती हुंदके देत म्हणाली. “आम्हाला वाटलं, तुला ऐकूच आलं नाही.”

“ड्रिलवरच्या बसाप्पाला काही ऐकू येईना, त्याला ओढून आणायला गेलो. वादळाचा जोर चढायच्या आत आसऱ्याचं दार लावलं.” मग तो हसला. “खरं सांगू? आधी मला वाटलं, हेल्मेट बिघडलं, काहीतरी तडतडतंय. दुर्लक्षच करणार होतो. तेवढ्यात शेवटचा टोला घाईत पडला. म्हटलं, हा बिघाड नव्हे, ही तर आमची शाल्मली. आणि ही इथे ओरडतेय म्हणजे नक्की पळायला हवं.”

आत्याने मान फिरवली आणि डोळे पुसले.

त्यानंतर सोमवाडीत नवा शिरस्ता पडला. कुठलाही इशारा बाहेर जाण्याआधी कुणीतरी हेल्मेट घालून, पंप धरून तो ऐकायचा. हे काम शाल्मलीकडे आलं. डबडं नियंत्रण कक्षात, फळ्याशेजारी मानाने बसलं. पुढच्या वर्षी मंगळावर वस्ती होणार होती. तिथे विरळशी हवा असते, त्या हवेत आवाज वेगळाच वाजतो म्हणे. तिथल्या इशाऱ्याची तयारी आत्या आतापासूनच करत होती, आणि या वेळी आधी विचारत होती, ऐकणारा कुठे उभा असेल, त्याच्या हातात काय असेल.

एक दिवस शाल्मली तिला म्हणाली, “आत्या, आता वेळ आहे. शेवटचा टोला पुन्हा वाजवून देते, नीट.”

आत्याने ताशाची पट्टी बघितली, आणि यंत्र बंद केलं.

“त्याला हात लावायचा नाही,” ती म्हणाली.