तिच्या बाजूची गादी

गाडी यायला अजून तासभर आहे, तर बसा गप. आणि तो मोबाइल खिशात टाक रे लांब्या, उजेड डोळ्यांत जातो. गोदामातला दिवा गेलाय तर गेलाय. अंधार आहे म्हणून खोकी काही पळून जात नाहीत.

दुपारी तू मला त्या घरात सगळ्यांसमोर विचारलंस, काका, पाळणा बसवताना तुम्ही बायकांना पलंगावर झोपायला का लावता, त्या हसतात. हसू देत की. पण दुसरी गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. मी कुठल्याही घरात 'बाळाची आई कुठाय' असं विचारत नाही. 'पाळण्याशेजारी जे झोपणार असतील त्यांना बोलवा' एवढंच म्हणतो. त्याला कारण आहे. सांगतो, पण मधे तोंड घालायचं नाही. आणि ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या घरी घडली त्याला मी चांगला ओळखत होतो.

आपल्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे एक चष्मेवाला होता. तिशीतला, किडकिडीत, मान खाली घालून बोलणारा. पण हात काय सांगू! काच घासायला बसला की केसाएवढा फरक त्याला खपायचा नाही. माझा हा चष्मा त्यानंच केलेला. बायको मात्र त्याच्या अगदी उलट. तिची टकळी सकाळी सुरू झाली की दुकानाचं शटर पडेपर्यंत थांबायची नाही. तो मधूनच एखादा 'हं' द्यायचा आणि तेवढ्यावर तिची आणखी अर्ध्या तासाची बेगमी व्हायची. दोघंही मला काका म्हणायची. जाता-येता हाक मारल्याशिवाय पुढं सोडायची नाहीत.

तिला आठवा महिना लागला तेव्हा दोघं पाळणा बघायला आली. त्याला तो पांढरा आवडला होता, चाकांचा, वर जाळी, खाली खेळण्यांचा खण. शेठही त्याचंच गुणगान गात होता, कारण तोच सगळ्यात महाग. हिनं काय केलं माहितेय? चपला काढल्या, आणि सरळ मांडून ठेवलेल्या पलंगावर आडवी झाली. शेठचा जीव चादरीत अडकला. ही डोळे मिटून म्हणाली, "काका, आता लावा एकेक पाळणा शेजारी."

पांढरा लावला. हिनं डोळे मिटूनच हात पुढं केला. हात कठड्यावर आपटला. "काढा हा." दुसरा झुलणारा होता. हात लागताच तो लांब गेला. "हा तर आतापासूनच माझ्यापासून पळतोय, काढा." मग मी तो साधा, सागवानी लावला. तीन बाजूंना कठडा, चौथी बाजू उघडी. उघडी बाजू पलंगाला चिकटवायची आणि खालून दोन पट्ट्यांनी घट्ट बांधायची. तिचा हात गादीवरून सरकत गेला तो थेट आतल्या छोट्या गादीवर. मधे काहीच आडवं आलं नाही. तिथं हात ठेवून ती बराच वेळ पडून राहिली. बोलली नाही. तिला गप्प बघायची माझी ती पहिलीच वेळ.

"हाच," ती म्हणाली. "रात्री डोळे न उघडता हात पोचला पाहिजे. बाकी मला काही नको."

चष्मेवाल्यानं 'हं' केलं.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी माप घ्यायला गेलो. आता कामाचं ऐका. रिकामी गादी मोजून पाळणा लावलात तर तो चुकतो. माणूस झोपलं की गादी दोन बोटं दबते, आणि मग पाळणा वर राहतो, मधे पायरी होते. म्हणून आधी झोपवायचं आणि मग मोजायचं. ती तिच्या बाजूला, म्हणजे खोलीकडच्या बाजूला झोपली. तो भिंतीकडे झोपायचा. मी पाळण्याच्या पायावर पेन्सिलीनं खूण केली. तिला म्हणालो, बाळ झाल्यावर वजन उतरतं, तेव्हा बसवायला येईन त्या दिवशी पुन्हा एकदा झोपून दाखवायचं. ती म्हणाली, "झोपेन की! तेव्हा तर मला झोपायला सांगणारा माणूस देवासारखा वाटेल."

पुढं महिन्याभरानं मी बारा दिवस मुलीकडे गेलो होतो. परत आलो तो दिवस मंगळवार, नोव्हेंबरची सतरा तारीख. शेठनं पावती हातात दिली. त्यांचा फोन आला होता, पाळणा बसवून द्या म्हणून. शेठला काही ठाऊक नव्हतं, तो माणसांना पावतीच्या नंबरानं ओळखतो. येताना चष्म्याच्या दुकानाचं शटर बंद दिसलं. मनात म्हटलं, वा, बाप झालाय, सुट्टी घेऊन बसलाय लेकाचा.

संध्याकाळी सात वाजता पाळणा घेऊन गेलो. दार त्यानंच उघडलं. दाढी वाढलेली. मला वाटलं जागरणं. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मी सरळ आत गेलो, पाळणा पलंगाशी टेकवला आणि मोठ्यानं म्हणालो, "चला, कुठाय बाळाची आई? बोलवा तिला. झोपून दाखवायचं कबूल केलंय तिनं."



स्वयंपाकघरातून त्याची मोठी बहीण आली. खांद्यावर बाळ. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "ती नाही हो. बाळ झालं त्याच रात्री गेली. आज अकरावा दिवस."

पोरांनो, तीस वर्षं हे काम केलं, पण त्या संध्याकाळी जमीन दुभंगावी आणि मला आत घ्यावं असं वाटलं. मी माफी मागायला लागलो तर तोच मला म्हणाला, "काका, तुम्हाला काय माहीत. लावा तुम्ही."

मग कळलं काय चाललं होतं ते. बाळ एक रात्रही त्याच्याजवळ झोपलं नव्हतं. अंगावर घेतलं तरी रडायचं, बाटली तोंडात धरायचं नाही. बहिणीला तिचं घर होतं, नोकरी होती, आणि सकाळी सातच्या गाडीनं तिला परत जायचं होतं. बाळाला घेऊन. दोनशे किलोमीटर लांब. ती वाईट नव्हती, तिचे डोळे सुजलेले होते. ती म्हणत होती, "अरे, तू एकटा. तुला भूक लागलेली कळत नाही, त्याची काय कळणार?" आणि तो एकच म्हणत होता, "ताई, तिचं एवढंच उरलंय माझ्याकडे." शेवटी ठरलं की एक रात्र बघायची. तिनं निवडलेल्या पाळण्यात ते झोपलं तर राहील. नाही झोपलं तर सकाळी जाईल.

मी म्हणालो, गादी दाबायला कुणीतरी झोपावं लागेल. बहीण पुढं झाली. तो एकदम ओरडला, "तिथं कुणी झोपायचं नाही!" मग हळूच म्हणाला, "तिच्या खुणेवर लावा, काका."

मी लावला. पाळणा दोन बोटं खाली राहिला. रिकाम्या गादीला तसाच राहणार. चुकीचं काम आहे हे मला कळत होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून बोलवलं नाही. घरी गेलो. रात्रभर ती दोन बोटं डोळ्यांसमोर. बाळाला घरंगळायला काही जागा नव्हती म्हणा, तरी पहाटे उठलो, पाना घेतला आणि साडेसहाला पुन्हा त्यांच्या दारात. म्हटलं, शिव्या घातल्या तरी चालेल, पाळणा वर घ्यायचाच.

बहिणीनं दार उघडलं. तोंडावर हसू. "झोपलं हो," ती कुजबुजली. "दोन-अडीचपासून गाढ झोपलंय. मी बॅग परत आत ठेवली. राहू दे इथंच." ती दूध करायला गेली.

तो पाळण्याशेजारी जमिनीवर बसला होता. मी खाली वाकलो, पाळण्याच्या पायाचे बोल्ट सैल करायला. त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू दे, काका. बरोबर लागलाय."

आणि मग त्यानं मला सांगितलं. वर्षभरात तो जेवढं बोलला नसेल तेवढं त्या पाच मिनिटांत बोलला. त्या रात्री घडलं तसं पुन्हा कधी घडलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही मधे विचारणार नाही.

बाळ रात्री अकरा वाजल्यापासून रडत होतं. तो भिंतीकडून उठायचा, पलंगाला वळसा घालून पाळण्याशी यायचा. तिच्या जागेवरून हात लांब केला असता तर पोचला असता, पण तिथं त्याला टेकवत नव्हतं. बहीण दोनदा येऊन गेली. सव्वादोन वाजता तो हरला. आपल्या जागी येऊन पडला, भिंतीकडे तोंड करून. बाळ रडत होतं. तोही रडत होता. सकाळी ते जाणार हे त्याला कळून चुकलं होतं.

मग तो सरकला.

म्हणजे त्यानं काही केलं नाही. गादीच उतरती झाली. दोघं झोपतात त्या पलंगावर एक जण टेकला की दुसरा जरासा तिकडं जातो, तसा. अकरा दिवसांनी पहिल्यांदा.

बाळाचं रडणं कमी झालं. हुंदके राहिले. मग तेही नाहीत.

त्यानं कूस बदलली. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. चादर दिसत होती. तिच्या बाजूची गादी... दबलेली होती. खांद्यापाशी. कमरेपाशी. पाळण्याची कड आणि गादीची कड सारखी झाली होती. दोन बोटांचा फरक... नव्हता.

वर कोणी नव्हतं.

"घाबरलास?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाही, काका. घाबरलो असतो तर बरं झालं असतं."

तिची पाठ त्याच्याकडे होती. हे कसं कळलं ते त्याला सांगता येईना. पण पाठच होती. तोंड पाळण्याकडे. आणि पाळण्यातून बारीक आवाज येत होता. टक्... मग थोडा वेळ काही नाही... पुन्हा टक्... बाळ शांत श्वास घेत होतं.

वीतभर अंतर होतं दोघांत. तो हलला नाही. श्वाससुद्धा जपून घेत होता. घड्याळात दोन चाळीस झाले. त्याला वाटलं, आता वळेल. एकदा तरी वळेल. हॉस्पिटलात शेवटचं बोलणं झालं नव्हतं. दाराबाहेर थांबा म्हणाले, तो थांबला होता. सांगायचं राहिलं होतं. सगळंच.

टक्...

ती वळली नाही.

त्याला राहवलं नाही. आयुष्यभर 'हं' म्हणणारा माणूस. त्यानं हाक मारली.

"अगं..."

आवाज थांबला.

काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

मग गादी... हळूहळू... वर आली. कमरेपाशी आधी. मग खांद्यापाशी. बाळाला जाग येऊ नये म्हणून आपण उठतो ना, तशी.

एवढं सांगून तो थांबला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात बहीण बाटली घेऊन आत आली. तिनं बाळाला उचललं, मांडीवर घेतलं. बाळाच्या हातांना तिनं रात्री कापडी पिशव्या बांधल्या होत्या, कारण नखं वाढली होती आणि ते स्वतःचेच गाल ओरबाडायचं. त्या पिशव्या सुटून पाळण्यात पडल्या होत्या. तिनं बाळाची मूठ उघडून पाहिली.

"अरे वा! कापलीस होय नखं? इतके दिवस तर तुझे हात थरथरत होते."

"मी नाही कापली," तो म्हणाला.

तिनं हात खिडकीकडे धरला. मीही वाकून पाहिलं. त्यानंच केलेल्या या चष्म्यातून पाहिलं, तेव्हा नीटच दिसलं. नखं कात्रीनं कापलेली नव्हती. कडा मऊ होत्या, वेड्यावाकड्या. दातानं अलगद कुरतडलेल्या. माझ्या आईनं आमची तशी कुरतडली, माझ्या बायकोनं मुलीची. तान्ह्या बाळाला कात्री लावायचं धाडस होत नाही म्हणून आया करतात तसं.

उजव्या हाताची पाचही झाली होती. डाव्या हाताची तीन.

"आणि ही दोन का रे ठेवलीस?" बहिणीनं विचारलं.

त्यानं बाळाची ती छोटी दोन बोटं हातात धरली. वाढलेली नखं तशीच होती. तो त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग मला म्हणाला, "काका, मी हाक मारायला नको होती हो."