ओवीचं रडणं

बारावीचा निकाल लागला तरी त्या गावात आता कुठल्या आईबापाच्या छातीत धस्स होत नसे. तेरा ते एकोणीस वयाच्या प्रत्येक मुलाच्या कानामागे मसुरीच्या डाळीएवढी चकती असे. तिला सगळे ‘मनबांध’ म्हणत. मेंदूतल्या विजेच्या सूक्ष्म लहरींवरून ती मनाचा चढउतार ओळखी. दुःख, भीती किंवा अपमान फार चढू लागला, की धरणाचे दरवाजे उघडावेत तसा ती त्याचा हळूहळू निचरा करी. बांध आल्यापासून तालुक्यात एकाही मुलाने जीव दिला नव्हता.

शोभना गुरवला याचं मोल दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तिचा धाकटा भाऊ सुहास सतराव्या वर्षी गेला, तो स्वतःच्याच हाताने. त्या वेळी बांध नव्हता आणि ‘मनात काय चाललंय रे?’ असं विचारायची रीतही घरात नव्हती. म्हणून ओवीला तेरावं लागताच शोभनाने तिला चकती बसवून आणली.

ओवी सोळा वर्षांची झाली, शाळेच्या कबड्डी संघात नाव काढू लागली, आणि त्याच वर्षी तिची जिवाभावाची मैत्रीण सायमा मेंदूज्वराने गेली. शोकसभेत ओवी एकदाही न अडखळता बोलली. “किती खंबीर पोर!” असं म्हणत बायकांनी शोभनाची पाठ थोपटली.

दोन दिवसांनी घरच्या रोपवाटिकेत पाणी घालताना ओवी म्हणाली, “आई, सायमाची आठवण येते गं. पण भूगोलाचा धडा आठवावा तशी. ती गेली आणि मला जेवण गोड लागतंय! मला हे बंद करून हवंय.”

शोभना लेकीला घेऊन डॉ. अनघा टिळेकरांकडे गेली. मनबांधावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

“बंद करता येतो,” डॉक्टर म्हणाल्या. “पण तिचं सगळं दुःख एकदम अंगावर येईल. सवय नसलेल्या माणसाच्या डोक्यावर भरलेली घागर द्यावी, तसं.”

“मग ही सवय लागायची कधी, डॉक्टर?” शोभनाने विचारलं.

“तोच प्रश्न मलाही छळतो. पण शोभनाताई, मी आधी पोरं जगवली. त्याची मला लाज नाही.”

“नसावीच,” शोभना म्हणाली. “माझा भाऊ या काळात असता तर वाचला असता.”

मग ती ओवीकडे वळली. “मी इथून हलणार नाही. झेपेनासं झालं तर सांगशील? लपवायचं नाही.”

“सांगेन.”

दवाखान्याच्या एका शांत खोलीत, स्वतः शेजारी बसून, डॉक्टरांनी बांध बंद केला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ओवीने सायमाचं नाव घेतलं आणि तिच्या घशातून हंबरडा फुटला. “चालू करा” हे शब्द शोभनाच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले आणि पोरीला पोटाशी धरलं. ओवी थरथरत होती, लाथा झाडत होती, आईच्या खांद्याला दातांनी धरत होती. “आई, खूप दुखतंय,” ती म्हणाली, आणि लगेच, “नको, चालू करू नका.”

दुपार कलली तेव्हा ती झोपली. उठल्यावर तिने भात मागितला. खाताखाता सायमाने पंचांची शिट्टी कशी पळवली होती ते सांगितलं, हसली आणि हसताहसता पुन्हा रडली. शोकसभेत पोर खंबीर वाटली होती. आज ती खरोखर खंबीर होती. डॉक्टरांचेही डोळे पाणावले.

संध्याकाळी संघातल्या मुली दवाखान्यात भेटायला आल्या. त्यांना पाहून ओवीला पुन्हा रडू फुटलं. सहाही जणी दारातच थबकल्या. त्यांच्या वयाचं कुणी असं रडताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“बिघडली आहे का ती?” एकीने हळूच विचारलं.

“नाही गं. मैत्रीण गेली तिची.”

“आमचीही होती,” ती शांतपणे म्हणाली. “मग आता काय करायचं असतं, काकू?”

शोभनाने तिचा हात धरला आणि ओवीच्या पाठीवर ठेवला. मुलीने तो वर-खाली फिरवला, नीट, एका लयीत, कवायतीतल्यासारखा. ओवी हुंदके देत तिच्या कुशीत शिरली. मुलीने कोरड्या डोळ्यांनी शोभनाकडे पाहिलं.

“बरोबर जमतंय ना, काकू?”