सोळा तासांचं विमान

"आई जागी आहे ना गं?" दारातच बॅग टाकून धाकटीने विचारलं... आणि दार उघडणारी थोरली बाजूला सरली. तिने नुसतं आतल्या खोलीकडे पाहिलं. पलंगावर आई होती. तोंडावरून ओढलेली चादर मात्र हलत नव्हती.

"पहाटेच गेली," थोरली कशीबशी म्हणाली. "तुझं विमान तेव्हा हवेत होतं."

धाकटीने हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. कालपासून उभ्याच असलेल्या थोरलीला 'तू बस जरा' असं मात्र कुणीच म्हटलं नाही!

वडिलांच्या मागे चष्म्याच्या दुकानात नोकरी धरून तिने धाकटीला शिकवलं, परदेशी धाडलं आणि आईने अंथरूण धरलं तेव्हा स्वतःचं जमत आलेलं लग्न निमूटपणे मोडलं... कशाचा म्हणून कधी उच्चार केला नाही. आणि धाकटी? बोलावलं की फोनवर ठरलेलं उत्तर! "तेरा हजार किलोमीटर आहे ताई, सोळा तासांचं विमान! उठलं आणि आलं, असं होतं का?" आई मात्र येईल-जाईल त्याला अभिमानाने सांगायची, "माझी पोर सोळा तास लांब असते!" जणू लांब असणं हाच मोठा पराक्रम! जी हाकेला धावायची, तिचं कौतुक कुणाला?

"आधी का नाही कळवलंस?" धाकटी तिच्या अंगावर ओरडली. "आई माझी वाट बघत बघत गेली! तुला काय ताई, तुला तर ती रोज मिळत होती!"

इतक्या वर्षांचा कडवटपणा उसळून थोरलीच्या जिभेवर आला.

"वाट बघत नाही गेली ती! पहाटे तिला दिसेनासं झालं. तुझं नाव घेत हवेत चाचपडायला लागली. मग मी तिचा हात धरला आणि तुझा आवाज काढून म्हटलं, 'आई, आले गं मी. विमान लवकर पोचलं.'"

थोरलीने आपल्याच गालाला हात लावला.

"माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, 'किती वाळलीस गं तिकडे!' मी विचारलं, 'ताईला बोलावू?' वाटलं, एकदा... अगं, एकदाच हो म्हणेल! तर म्हणाली, 'राहू दे. ती काय, असतेच.' ...आणि गेली."

मान वर करून बहिणीकडे बघण्याचं धाडस धाकटीला होईना. मग ती पलंगाशी गेली, चादर हळूच खाली केली आणि आईच्या कानाशी वाकली.

"आई, मी आत्ता आले गं... आत्ता! पहाटे तुझा हात धरला होता ना, ती मी नव्हते. ती ताई होती... ऐकतेस ना? ताई होती!"

पुन्हा पुन्हा ती तेच सांगत राहिली. तिला गप्प करायला थोरली पुढे झाली. पण मध्येच भिंतीला टेकून ती खाली बसली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच, तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडली.