मोईजचं कापलेलं बोलणं

ज्याले खोटं वाटते, त्यानं इथंच थांबावं. मी कोणाच्या पाया पडून राहिलो नाही.

पण हे झालं आहे. यंदाच्या मे महिन्यात, दुपारी तीनच्या उन्हात, अकोल्यातल्या सरकीच्या जुन्या गोदामात.

तिथंच आमचा बँड सहा वर्षं वाजला. हार्डकोर पंक, स्क्रीमो. म्हणजे गाणं कमी अन् ओरडणं जास्त.

ओरडायचा मोईज. गिटार प्रीतमची, बेस वर्षालीचा, ड्रम माझे. अमरावतीच्या एका कॉलेजानं दुसऱ्याच गाण्याले लाइट बंद केली. धारणीत एक म्हातारा म्हणे, या पोराले बाहेरचं लागलं का? आमी महिनाभर हसत होतो.

रेकॉर्डिंग साफ करायचं काम माझं. पहिल्या ठोक्याच्या आधीचं कापायचं, शेवटच्या ठोक्यानंतरचं कापायचं. मोईज दर गाण्यानंतर माइकवर काहीतरी बोलत राहायचा. शेवटी म्हणायचा, "हे राहू दे बे, सुगत."

मी तेही कापायचो.

फेब्रुवारीत चांदूर बाजारच्या रस्त्यावर त्याची गाडी ट्रकखाली गेली. फोनचाही चुरा झाला.

मोईजच्या चाळिसाव्या दिवसानंतर त्याच्या अम्मीनं, आमिना खालानं, मले घरी बोलावलं.

"बेटा, समद्या गाण्यात तो चिल्लावतेच. मले त्याचं साधं बोलणं पाहिजे. एक लफ्ज असन तरी दे."

एकशे बारा फाइली ऐकल्या.

एकही शब्द नाही. सगळं माझ्याच हातानं कापलेलं. आपण का म्हणून इतके शहाणे होतो, म्हणून मी लहान पोरासारखा रडलो. कापत होतो, हे मात्र कोणाले सांगितलं नाही. खालाले तर नाहीच.

शेवटची आशा होती गोदामातला रेकॉर्डर. एकटाच गेलो.

कार्ड रिकामं.

काय करावं सुचेना. सवयीनं रेकॉर्डिंगचं बटन दाबलं अन् ड्रमवर बसलो. मोईज आधी पाय दोनदा आपटायचा, मग मी सुरू करायचो. तशीच वाट पाहत बसलो, येड्यासारखा.

बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता.

अन् मग...

ठक. ठक.

माइकजवळच्या फळीवरून. तिथं कोणीच नव्हतं.

रेकॉर्डर उचलला अन् पळालो. घरी ऐकलं. अकरा मिनिटं, नुसती शांतता. ठोकेही नाहीत.

खालाचा फोन आला. म्हणे, जे असन ते दे, रिकामं असन तरी दे. मी रेकॉर्डर तिच्या घरी नेऊन दिला.

तिनं हेडफोन लावले.

थोड्या वेळानं... हसली.

"हां बेटा," म्हणाली. "खाल्लं मी."

मी एक बाजू कानाले लावून पाहिली. काहीच नाही.

अकरा मिनिटांनी तिनं माझ्याकडं पाहिलं. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं.

"तो विचारून राहिला," ती म्हणाली, "सुगतनं मले दरवेळी कापलं कावून?"

रेकॉर्डर तिच्याजवळच सोडून मी निघालो.

आता खाला हेडफोन काढत नाही. जेवत नाही. गालफडं बसली तिची. नगमा, मोईजची बहीण, रोज फोन करून रडते. म्हणते, ते बंद कर भाऊ, अम्मी मरन.

काल पाहून आलो. अकरा मिनिटांची फाइल तीन तासांची झाली आहे...

मिटवायले एक बटन पुरते. कापणं मले येते. पण त्याचं बोलणं पुन्हा कापायले हात उठत नाही.