काचेवरचा अंगठा

माझ्या बोटांना ठसे नाहीत. झिजले. यात रडण्यासारखं काही नाही. अननसाच्या कारखान्यात ज्या बायकांनी उमेदीची वर्षं घातली त्या सगळ्यांचं असंच झालं. तो रस माणसाचं मांस खातो. रबरी हातमोजे घातले तरी मनगटाकडून आत उतरतो, आणि बोटं पाळीभर त्यातच भिजत राहतात. सुरीच्या टोकानं फळाचे डोळे काढता काढता आमच्या रेघा कधी निघून गेल्या ते कळलंही नाही. नवऱ्याच्या गालाला हात लावला की तो म्हणायचा, "आपोलोनिया, काच फिरवतेस का तोंडावरून?"

इथे बेटावर, वाहियावात मला सगळे लोनिया मावशी म्हणतात. शाळा म्हणाल तर समुद्रापलीकडे इलोकोसला, गावी असताना, थोडी झाली तेवढीच. पण माझ्यासमोर कुणी शहाणपणा केलेला मला चालत नाही. म्हणून शाळेतल्या नाकासोने बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी आधीच सांगितलं, "बाई, तक्रार आणली असेल तर परत न्या. माझी नातवंडं केव्हाच मोठी झाली, आता त्यांच्या बायकांना सांगा."

तक्रार नव्हती. बाई आल्या होत्या त्या शेजारच्या जोसेलिनच्या मुलीसाठी. रेलिन तिचं नाव. सहा वर्षांची पोर, आजीजवळ तिकडे इलोकोसलाच वाढलेली, आणि आईनं नुकतीच विमानात घालून इकडे आणलेली.

"मावशी, ती बोलतच नाही. शाळेत नाही, घरी आईशीही नाही."

"आई घरी असते कुठे? हॉटेलातल्या चादरी बदलत असते बिचारी."

"सुट्टीनंतर तिला दुसऱ्या गावच्या शाळेत घालायचं म्हणतायत. ज्या मुलांना समजत नाही त्यांच्या वर्गात." बाईंनी आवाज खाली आणला. "तिला सगळं समजतं, मावशी. मी तिचे डोळे पाहते ना. तिच्या भाषेत बोलणारं कुणी रोज शेजारी बसलं, तर—"

"उद्या येते."

"उद्या नाही येता येणार. आधी बोटांचे ठसे द्यावे लागतात. मुलांमध्ये बसणाऱ्या सगळ्यांचे घेतात. मागे काही गुन्हा वगैरे..."

"एकच केलाय. लग्न."

बाई हसल्या. मी माझी बोटं त्यांच्यासमोर धरली, तेव्हा हसायच्या थांबल्या.

ठशांची खोली औषधांच्या दुकानामागे होती. गार वाऱ्याचं यंत्र घरघरत होतं. टेबलावर तळहाताएवढी काच, तिच्या खाली हिरवा उजेड. ते सगळं सांभाळणारी लेइमोमी नावाची चांगली भरदार बाई. तिनं माझी बोटं ओल्या कापडानं पुसली आणि एकेक काचेवर टेकवली. संगणकाच्या पडद्यावर नुसते राखाडी डाग उमटले, ओढ्यातल्या गोट्यांसारखे.

"मावशी, बँक लुटायची राहूनच गेली की तुमची!"

"तू काच पूस आणि परत घे."

तिनं परत घेतले. परत गोटेच. मग ती सरळ बोलली. ठसे नाहीत तर नावावरून चौकशी करतात, पण तिला महिनोन्महिने लागतात. तोवर रेलिन त्या दुसऱ्या शाळेत गेलेली असणार. "भांडी, साबण बंद करा," ती म्हणाली. "खोबरेल चोळा. सुट्टीच्या आधी एकदा येऊन बघा. कधीकधी थोड्या रेघा वर येतात."

मी भांडी बंद केली. सून धुसफुसली, धुसफुसू दे. दुपारी मी ओट्यावर शेवग्याचा पाला निवडत बसले की पलीकडच्या पायरीवर रेलिन गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दिसायची. मी इलोकानोत, आमच्या गावाकडच्या भाषेत, हाक मारायची. ती बघायची फक्त. परत ठसे द्यायला जायच्या दिवशी सकाळी मी पाण्याचा पेला उजेडात धरून पाहिला. माझ्या बोटांचा एक डाग नाही त्यावर.

तरी गेले.

या वेळी त्या खोलीत वास होता. आंबटगोड, वाफेचा, तापलेल्या पत्र्याचा. "अननस कापलायस का गं?" मी विचारलं.

"मी कुठला कापू? का?"

मी हात पुढे केला. तिनं उजव्या हाताची चार बोटं काचेवर दाबली आणि शीळ घातली. "अगंबाई! काय लावलंत हो मावशी?"

पडद्यावर रेघा होत्या. फिकट, अर्धवट नव्हेत. खोल, दाट, अठराच्या पोरीला असाव्यात तशा.

मग अंगठा.

अंगठ्यावरून तिरकी चिरल्याची खूण गेली होती. खालच्या टोकाला फाटा फुटलेली.

मी माझा अंगठा उचलून पाहिला. गुळगुळीत. एक ओरखडा नाही.

ती खूण मी ओळखत होते. कोन्सोर्सियाची. ती कारखान्यात माझ्या शेजारी उभी राहायची. पहिल्याच हंगामात तिची सुरी निसटली आणि मीच डोक्याचा रुमाल सोडून तिचा अंगठा आवळला होता. हाडापर्यंत गेलेली जखम आणि ही बया हसत होती. तिला मूल झालं नाही. पाळी बदलताना आमची सगळ्यांची पोरं तिच्याच मांडीवर असायची. तिच्याकडे जाताना पोरं आईला विसरायची, आणि आम्हाला राग यायचा. तिच्या शवपेटीत तिचे केस मीच विंचरले, तेव्हा तिची बोटंही माझ्यासारखीच कोरी झाली होती.

"हा अंगठा माझा नाही," मी म्हटलं. मला कुणाच्या उसन्या हातानं कुठे शिरायचं नव्हतं.

लेइमोमीनं माझा हात उलटा केला. बोटांची टोकं चाचपली. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"मावशी," ती पुटपुटली, "तुमचा हात माझ्या हातात आहे."

"मग?"

तिनं पडद्याकडे बोट केलं.

काचेवर काही नव्हतं. हिरवा उजेड तेवढा. आणि पडद्यावर अंगठा हलत होता. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सावकाश, नीट दाबून. लेइमोमी ठसे देणाऱ्यांना शिकवायची अगदी तसा.

यंत्राची घरघर थांबली होती.

"ओळखीची आहे?" लेइमोमीनं विचारलं.

"हो."

मग तिनं पाठ ताठ केली आणि कामाच्या आवाजात विचारलं, "मुलांशी कशी होती?"

जन्मात मी कुणाला पहिला मान दिलेला नाही. पण तिथे खोटं बोलवेना.

"माझ्यापेक्षा बरी," मी म्हटलं.

लेइमोमीनं बटण दाबलं.

निरोप लवकर आला. काही दोष नाही, मुलांमध्ये बसायला हरकत नाही. नाकासोने बाई मला मिठी मारायला धावल्या, मी म्हटलं पुरे.

वर्गात मी रेलिनच्या बाकावर बसू लागले. तिच्या गावची नदी, कारल्याची भाजी, तिच्या आजीच्या दारातलं झाड, जे आठवेल ते बोलायची. ती बोलत नव्हती. पण रोज मी बसले की ती बाकावर माझ्याकडे सरकायची, अगदी चिकटून. मला बरं वाटायचं. तिच्या पलीकडे एका माणसाची जागा मोकळी राहते, याकडे मी कशाला लक्ष देऊ? दुसऱ्या शाळेचे लोक तिला पाहायला येणार होते. मी मनातल्या मनात देवाशी भांडत होते.

ते येणार त्याच्या आदल्या दुपारी शाळा सुटली. कुणीतरी बागेचा नळ उघडा टाकला होता, आणि फाटकाच्या वाटेवर तांबडा चिखल साचला होता, चांगला रुंद. माझ्या नव्या चपला होत्या. मी रेलिनचा उजवा हात धरला आणि म्हटलं, "थांब, कडेनं जाऊ."

ती थांबली नाही. तिनं दोन्ही पाय उचलले.

कुठे कलली नाही, माझ्या अंगावर आली नाही. सरळ, मधोमध, आईबापाच्या मध्ये पोर झोका घेते तशी ती चिखलावरून पार गेली आणि पलीकडे कोरड्या जमिनीवर उतरली. बुटांना शिंतोडासुद्धा नाही. मग ती खदाखदा हसली. त्या हसण्यानं नाकासोने बाई वर्गातून पळत बाहेर आल्या.

"परत!" रेलिन इलोकानोत ओरडली. "परत एकदा! या वेळी उंच!"

बाई दारात उभ्या राहून रडत होत्या. मी चिखल तुडवत तिच्यापाशी गेले आणि तिचा हात पुन्हा धरला. तिनं दुसरा हात बाजूला, वर केला आणि बोटं मिटली.

आम्ही तिला उंच झुलवलं. माझ्या हातावर तिचं वजन अर्धंच आलं.