सहावा मणी

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय.

रविवार. दुपारचे तीन. लख्ख ऊन.

ताई प्रयोगशाळेत एकटीच होती. तिथली रीत साधी. जंतू वाढवायच्या प्लेटवर थेंब टाकायचा, काचेचे पाच मणी सोडायचे, झाकण लावून डावी-उजवीकडे हलवायचं. मणी थेंब सारखा पसरवतात. मग ते काढायचे, आणि निर्जंतुक केल्याशिवाय पुन्हा वापरायचे नाहीत.

शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, सगळ्यांचे मणी धुवायची. "पाचच टाक गं बाई," ती हसायची. "सहावा आगाऊ असतो!"

वर्षभरापूर्वी ताईने घाईत वापरलेले मणी स्वच्छ मण्यांच्या बरणीत ओतले. सगळ्यांच्या प्लेटांवर भलतेच गुलाबी जंतू उगवले. सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं.

"मणी कोण धुतं?" सर कडाडले.

"चिमणी," ताई म्हणाली. सर चिमणीकडे वळले.

"उद्यापासून येऊ नकोस."

जाताना चिमणी ताईजवळ थांबली. "पाहिलंय मी... बरणीत कोण ओतत होतं ते."

त्याच संध्याकाळी ती गाडीखाली गेली.

तिच्या मुठीत काचेचा एक मणी होता.

त्या रविवारी ताईने पाच मणी टाकले. हलवले. प्लेट खाली ठेवली.

खळ... खळ...

प्लेटला कुणाचाच हात नव्हता.

तिने झाकणातून मोजलं. सहा.

ओतले... पाचच पडले.

दुसऱ्या दिवशी प्लेट गुलाबी. मण्यांचं नवं पाकीट फोडलं. गुलाबी. मणी न घालता पाहिलं...

तरीही गुलाबी.

प्रबंध द्यायला महिना उरला होता.

"आता मणी कोण धुतं?" सरांनी विचारलं.

"मीच." ताईचा बांध फुटला. "सर, तेव्हाही चूक माझीच होती. चिमणीची नव्हती."

सरांनी गुलाबी प्लेट बाजूला सारली.

"उद्यापासून येऊ नकोस."

त्या दिवसापासून तिथे एकही प्लेट गुलाबी झाली नाही.

ताईने प्रबंध सोडला. मला प्रयोगशाळेत जागा मिळाली, तेव्हा तिने स्वतःचा पांढरा कोट दिला. धुतलेला, इस्त्री केलेला. एक खिसा मात्र शिवून बंद.

"आत एकच मणी आहे, तो सहावा," ती म्हणाली. "फेकला की परत येतो. उसवू नकोस."

मी उसवला नाही.

पण काल तो कोट घालून जिना चढताना त्या खिशातून आवाज आला. खळ... खळ...

कापडात एकटा मणी वाजत नाही. काचेला काच लागते.

मग आत दुसरा... कुणासाठी आलाय?